आधी माप काढा

किल्टला साइज नसते. मापं असतात. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, आणि ते तुम्हाला आत्ताच पटलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण एडिनबरामध्ये तीन वर्षं काढल्यावर माझा अनुभव असा आहे की हे कुणालाच पटत नाही. विकणाऱ्याला पटवून घ्यायचं नसतं, आणि घेणाऱ्याला घाई असते.

एडिनबराला आलात की रॉयल माइलवर जालच. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना टार्टनचा नुसता पूर. मफलर, टोप्या, कुत्र्यांचे कोट, बाटल्यांचे कोट, आणि हँगरला लटकलेले किल्ट. किल्टच्या लेबलवर एस, एम, एल, एक्सएल. ट्रायल रूममध्ये पाच मिनिटं, कार्ड टॅप, पिशवी हातात. ऑनलाइन घेतलात तर तेवढीही पाच मिनिटं नाहीत. वेबसाइट विचारते, ‘तुमच्या पँटची साइज काय?’ तुम्ही ३४ निवडता आणि विषय संपतो.

हा प्रश्न विचारणारी वेबसाइट तुम्हाला फसवते आहे. आणि ही फसवणूक किल्टपुरती नाही. तुमच्या कपाटात आत्ता लटकलेल्या निम्म्या कपड्यांची गोष्ट हीच आहे. फरक एवढाच की बाकीच्या कपड्यांत ती लपते, किल्टमध्ये लपत नाही. त्यामुळे शिकायला किंवा नोकरीला स्कॉटलंडमध्ये येणाऱ्या आणि सहकाऱ्याच्या लग्नाचं आमंत्रण आल्यावर पहिल्यांदा किल्ट शोधायला लागणाऱ्या मराठी पोरांसाठी हा लेख आहेच. पण ज्यांना किल्टशी आयुष्यात काही देणंघेणं नाही, त्यांनीही थोडा वेळ थांबावं.

नेसणं आणि घालणं

किल्ट समजायला आपली भाषा इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी आहे. इंग्रजीत सगळंच ‘वेअर’ करतात. आपण शर्ट घालतो, धोतर नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो. घालायच्या कपड्यात शरीराचा आकार आधीच शिवलेला असतो. नेसायच्या कपड्यात तो नसतो, तो रोज सकाळी अंगावर तयार करायचा असतो. आजीची नऊवारी आईला होते, मावशीला होते. वजन दहा किलो वाढलं तर दोन निऱ्या कमी येतात, बस.

जुना किल्ट नेसायचा होता. सोळाव्या शतकापासून हायलँड्समधले पुरुष लांबच लांब लोकरी कापड कमरेशी निऱ्या घालून गुंडाळायचे, वरून चामडी पट्टा आवळायचे आणि उरलेलं कापड खांद्यावर घ्यायचे. पाऊस आला की तेच डोक्यावर, रात्री तेच पांघरूण. त्याला साइज नव्हती आणि साइजची गरजही नव्हती. अठराव्या शतकात त्याचा वरचा भाग गेला आणि कमरेखालचा तेवढा उरला, तो छोटा किल्ट, ‘फिलिबेग’. हा बदल रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने केला की तो आधीच होत आला होता, यावर स्कॉटिश लोक आजही भांडतात. मला त्या भांडणात पडायचं नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच शतकाच्या शेवटाकडे घडली: निऱ्या शिवून टाकल्या जाऊ लागल्या.

म्हणजे नेसायची वस्तू घालायची झाली. रोज सकाळी जो हिशेब माणसाचे हात अंगावर करत होते, तो एकदाच, कायमचा, कुणीतरी दुसऱ्याने करायचा ठरला. त्या दिवसापासून किल्टला माप लागलं. आणि हिशेब एकदाच होणार असेल तर तो तुमच्याच अंगाचा व्हायला हवा, इतकं साधं आहे हे.

२७ निऱ्यांचं गणित

हा हिशेब किती बारीक असतो ते दाखवतो. मी इंजिनिअर आहे, आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही.

पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं असं म्हणतात. आपल्या नऊवारीतला वार आणि त्यांचा यार्ड एकच, तीन फूट. आठ वार म्हणजे २८८ इंच. पुढे दोन सपाट भाग एकावर एक येतात, त्यांना एप्रन म्हणतात. निऱ्या फक्त मागच्या बाजूला. एप्रन आणि कडेच्या दुमडी यांत साधारण ६५ ते ७० इंच गेले, तर निऱ्यांसाठी २२० च्या आसपास इंच उरतात. टार्टनची चौकट, म्हणजे रंगांच्या पट्ट्यांचा एक पूर्ण फेरा, समजा आठ इंचांची आहे. प्रत्येक निरीत एक पूर्ण फेरा दुमडून आत घालायचा आणि त्याची बारीकशी पट्टी बाहेर दिसू द्यायची. २२० भागिले ८, म्हणजे २७ निऱ्या. प्रत्येक निरी चौकटीत थोडी थोडी पुढे सरकत जाते आणि सगळ्या जवळजवळ आल्या की पाठीमागे तीच चौकट पुन्हा उभी राहते. आठ वार कापड दुमडलं आहे हे बघणाऱ्याला कळतही नाही.

आता अंग मध्ये आणा. समजा तुमची कंबर ३४ इंच आणि सीट ४० इंच. अर्धा घेर एप्रनचा, अर्धा निऱ्यांचा. म्हणजे सीटपाशी २७ निऱ्यांनी २० इंच भरायचे आणि कमरेपाशी १७. एक निरी सीटपाशी पाऊण इंचाला किंचित कमी, कमरेपाशी त्याहून अरुंद. फरक तीन मिलिमीटरहूनही कमी. शिवणारी बाई प्रत्येक निरी खालून वर जाताना एवढीशी निमुळती करत नेते, हाताने. प्रत्येक निरीत एक मिलिमीटर चुकला तर कमरेत २७ मिलिमीटर चुकतात, म्हणजे एक इंचाहून जास्त.

आणि हे दुरुस्त होत नाही. पँट आखूड करायची तर कोपऱ्यावरचा टेलर दहा मिनिटांत खालून दुमडून देतो. पारंपरिक किल्टला खाली दुमडच नसते. कापडाचा विणलेला काठ हीच त्याची खालची कड, साडीसारखी. लांबी ठरते ती वरून, शिवायच्या आधी. दोन इंच लांब शिवलेला किल्ट खालून कापला की काठ गेला, आणि काठ गेलेला किल्ट लांबूनही ओळखू येतो. बकल आणि पट्टे असतात, पण ते इंच-दोन इंचांपुरते, दिवाळीत वाढलेल्या पोटाची सोय म्हणून. चुकलेल्या मापावर ते इलाज नाहीत.

शिवलेला भाग कुठे संपतो तेही अंगावरच ठरतं. कमरेपासून सीटच्या सगळ्यात रुंद रेषेपर्यंत निऱ्या शिवलेल्या असतात, तिथून खाली मोकळ्या सुटतात. स्कॉटिश कारागीर या शिवलेल्या भागाला ‘फेल’ म्हणतात. नापास नव्हे, पण चुकला तर नापासच. जास्त खाली आला तर निऱ्या उघडत नाहीत आणि चालताना कापड मागे ताणतं. आधीच संपला तर निऱ्या नितंबांवरच फाकतात आणि माणूस मागून अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखा दिसतो.

आता सांगा, यातलं काय ‘एम’मध्ये बसतं? कंबर २८ ते ४८ इंच धरा, म्हणजे २१ आकडे. सीट कमरेपेक्षा ० ते १० इंच जास्त, म्हणजे ११. लांबी २० ते २७ इंच, म्हणजे ८. गुणाकार १,८४८. यातली काही जोड्या प्रत्यक्षात सापडणार नाहीत, तरी शेकडो सापडतील. त्या सगळ्या पाच डब्यांत कोंबायच्या. आमच्या धंद्यात याला डेटा फेकून देणं म्हणतात. फेकलेला डेटा म्हणजे तुम्ही.

३४ म्हणजे काय रे भाऊ?

पँटच्या साइजबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे.

तुमची जीन्स कमरेवर बसत नाही. ती कमरेच्या दोन-तीन इंच खाली, हाडांवर बसते. किल्ट खऱ्या कमरेवर बसतो: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये, बेंबीच्या आसपास. या दोन जागांचे घेर वेगळे. बरं, ‘पँटमध्ये दोन इंच मिळवा’ असा ठोकळा सल्ला जागोजागी मिळतो, तोही चूक. सडपातळ माणसाची खरी कंबर पँटच्या घेरापेक्षा कमी भरते. पोट सुटलेल्याची जास्त भरते, कारण त्याची पँट पोटाखाली लटकलेली असते. एकाला उणे, दुसऱ्याला अधिक. दोघांना एकच सूत्र कसं लावणार?

त्यात लेबलवरचा ३४ हा आकडाही ३४ इंच नसतो. टेप घ्या आणि आज घातलेल्या पँटचा घेर मोजा. लेबलपेक्षा इंच-दोन इंच जास्त भरला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असं वाटावं म्हणून कंपन्या लेबलवर आकडा कमी छापतात. दुकानात बरं वाटतं, आणि आपण त्याच कंपनीकडे परत जातो. स्वतःच्या शरीराबद्दल गोड खोटं ऐकायची सवय लागली की खरा आकडा ऐकताना अपमान वाटतो. किल्टसाठी माप घेताना टेपने ३८ दाखवल्यावर ‘छे, मी ३४ आहे’ म्हणून वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. टेपशी वाद! टेपला तुम्हाला काही विकायचं नसतं हो.

सरासरी माणूस स्कॉटलंडचाच

साइज नावाची कल्पना आली कुठून, हे शोधताना मला एक मजेशीर गोष्ट सापडली. ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडणारा बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याने १८४६ मध्ये पाच हजारांहून जास्त सैनिकांच्या छातीची मापं वापरली. ती एडिनबरामधून निघणाऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकात १८१७ मध्ये छापून आली होती. सैनिक होते स्कॉटिश.

सरासरी निघाली जवळपास ४० इंच. इथपर्यंत ठीक. पण केटलेचं म्हणणं असं होतं की हे आकडे बघा, एकाच माणसाची छाती हजारो वेळा थोड्या थोड्या चुका करत मोजली असती तर जसे पसरले असते तसेच पसरले आहेत. म्हणजे खरा माणूस तो ४० इंचांचा, आणि ३६ किंवा ४४ इंचांचे जितेजागते सैनिक म्हणजे त्याच्या मोजमापातल्या चुका!

संख्याशास्त्रात या विचारातून पुढे पुष्कळ चांगलं निघालं, ते मी नाकारत नाही. पण रेडिमेड कपड्यांच्या दुकानात तो आजही त्याच्या सगळ्यात वाईट रूपात उभा आहे. ट्रायल रूममध्ये कपडा बसला नाही की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? ‘माझे खांदे अरुंद आहेत.’ ‘माझं बूड मोठं आहे.’ ‘माझे पाय आखूड आहेत.’ कपडा चुकला असं आपण म्हणतच नाही. आपण स्वतःला चूक मानून बाहेर येतो.

अमेरिकन हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने १९५० च्या सुमारास ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. कॉकपिट बांधायला महत्त्वाची दहा मापं घेतली आणि पाहिलं की या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती जण आहेत. उत्तर आलं शून्य. एकही नाही. मग हवाई दलाने माणसं बदलली नाहीत, खुर्च्या मागेपुढे सरकणाऱ्या केल्या. ७० वर्षं उलटली तरी कपड्यांच्या धंद्यात हे पोचलेलं नाही.

न परत आलेलं म्हणजे बसलेलं?

माझ्या पिढीतल्या इंजिनिअरांचं यावर एक आवडतं उत्तर आहे: ‘अल्गोरिदम करेल.’ शॉपिंग अ‍ॅप उघडा. ‘तुमच्यासारख्या लोकांनी एल घेतला’, असं ते अदबीने सांगतं.

आता हे यंत्र कशावर शिकणार याचा विचार करा. त्याने तुमचं अंग पाहिलेलं नाही. त्याच्याकडे मुख्यतः दोन गोष्टी असतात: कुणी काय घेतलं आणि कुणी काय परत केलं. जे परत आलं नाही, ते बसलं. पण कपडे परत न करण्याची कारणं काय असतात? कंटाळा येतो. तारीख उलटून जाते. लग्न उद्यावर आलेलं असतं. ‘चालतंय की’ म्हणून आपण ठेवून घेतो. असं यंत्र शिकेल ते तुम्हाला काय बसतं ते नव्हे, तुम्ही काय सहन करता ते. त्याला अचूकता म्हणायची असेल तर खुशाल म्हणा.

बाकीच्या कपड्यांत हे खपून जातं, कारण सगळ्यांत थोडंफार ताणणारं सूत घातलेलं असतं. जीन्स ताणते, टीशर्ट ताणतो, कमरेला इलॅस्टिक असतं. दुकानाने केलेली चूक कापड गिळून टाकतं. किल्टचं लोकरी कापड दाट विणीचं आणि जड असतं, ते ताणत नाही. म्हणून मला किल्ट आवडतो. तो खोटं बोलू देत नाही.

एक्सएलचा किल्ट

इथल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही दोघं मराठी होतो. माझा मित्र सांगलीचा, उंची पाच फूट पाच इंच, अंगाने भरलेला. त्याने अशाच एका दुकानातून एक्सएल उचलला. दुकानदाराने कमरेला लावून बघितला, बकल लागलं, ‘परफेक्ट’ म्हणाला. लांबी २४ इंच, बहुतेक तयार किल्टची असते तशी. त्याला हवी होती २१ आणि थोडी. म्हणजे कड गुडघ्याच्या मध्यावर यायची ती पोटऱ्यांवर आली. ती वर यावी म्हणून तो किल्ट वर ओढायचा, तेव्हा तो छातीला लागायचा. सोडला की पोटाखाली घसरायचा. घसरला की पुढची कड एका बाजूला तिरकी. नाच सुरू झाला. स्कॉटिश लग्नांत केली नावाचा समूहनृत्याचा कार्यक्रम असतो, त्यात जोडीने गरागरा फिरावं लागतं. बाकीच्यांच्या निऱ्या फिरकीला सुटत होत्या आणि थांबल्या की आपोआप जागेवर येत होत्या. हा एका हाताने किल्ट धरून नाचत होता. मग बसलाच.

परत येताना बसमध्ये तो म्हणाला, ‘आपल्याला नाही रे हे शोभत. हे यांच्याच अंगाचं आहे.’

मला राग आला तो या वाक्याचा. तीन इंच जास्त लांब कपडा दुकानदाराने गळ्यात मारला, आणि माझ्या मित्राने निष्कर्ष काढला तो स्वतःच्या वंशाबद्दल. एका चुकीच्या लेबलने एका माणसाला एका सबंध देशाच्या आनंदातून बाहेर काढलं. फिटिंग ही चैनीची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

मी लग्नाच्या चार महिने आधी एका किल्ट शिवणाऱ्या बाईंकडे गेलो होतो. माझी उंचीही काही फार नाही. बाईंनी पँटची साइज विचारली नाही. दोन प्रश्न विचारले: बूट कोणते घालणार, आणि नाचणार की नुसता उभा राहणार? मग टेप काढली. दहा-बारा मिनिटांत कंबर, सीट, लांबी आणि कमरेपासून सीटपर्यंतचं अंतर अशी मापं वहीत उतरली. मला गावातल्या टेलरची वही आठवली, ज्यात पानावर आकडे आणि बाजूला कापडाचा बारकासा तुकडा टाचलेला असायचा. ‘तुमचं अंग आखूड आहे’ असं बाई कुठेच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘साडेएकवीस.’ साडेएकवीस हा नुसता आकडा आहे. त्यात ‘बिचारा’ नाही.

आता आक्षेप

पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. हाताने शिवलेल्या पूर्ण किल्टला पाचशे पौंडांच्या पुढेच जावं लागतं. नव्याने नोकरीला लागलेल्या पोराला हे परवडत नाही. पण मी महाग किल्ट घ्या म्हणत नाही, मापाचा किल्ट घ्या म्हणतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका लग्नासाठी हवा असेल तर भाड्याने घ्या. इथली भाड्याची दुकानं टेप घेऊन माप घेतात, कारण त्यांच्या कपाटात वेगवेगळ्या लांबीचे किल्ट असतात आणि तुम्हाला कुठला द्यायचा हे त्यांना कळावं लागतं. पाच वारांचा हलका, मशीनवर शिवलेलाही मापाने मिळतो. सेकंडहँड तर उत्तमच. चांगला किल्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, फक्त घेताना विकणाऱ्याला लेबल नका विचारू, इंच विचारा. पैशाचा प्रश्न असेल तर महागात पडतो तो एकदा घालून कपाटात गेलेला किल्टच. आणि नुसते पैसे ओतून माप येत नाही, याचा पुरावा खुद्द राजाने दिलेला आहे. १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला. त्याच्या हायलँड पोशाखाचं बिल झालं १,३५४ पौंड, त्या काळातले. किल्ट गुडघ्याच्या बराच वर राहिला, खाली गुलाबीसर तंग मोजे. व्यंगचित्रकारांनी मनसोक्त मापं काढली. पुढे डेव्हिड विल्कीने राजाचं चित्र रंगवलं तेव्हा किल्ट लांब केला आणि मोजे गायब. तुमच्या इन्स्टाग्रामवरचा फिल्टर तेवढंच करतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा, सोवळेवाल्यांचा. आठ वार नाही तर किल्टच नाही, हातशिलाई नाही तर किल्टच नाही. यांचंही मला पटत नाही. आठ वार हा आकडाही एक प्रकारची साइजच आहे. २८ इंच कमरेच्या पोराच्या पाठीवर आठ वार कोंबले तर निऱ्यांचा गठ्ठा होतो. कापड किती लागेल हे अंग आणि टार्टनची चौकट मिळून ठरवतात. अठराव्या शतकाच्या शेवटाकडच्या सुरुवातीच्या शिवलेल्या किल्टना याच्या निम्म्यानेच कापड लागायचं. ह्यू ट्रेव्हर-रोपरने १९८३ मध्ये हायलँड परंपरेतलं किती अलीकडचं आहे यावर एक खवचट निबंध लिहिला. त्यातलं सगळं मान्य करायची गरज नाही, पण परंपरेच्या नावाने दुसऱ्याला टोचण्याआधी तो वाचायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, लाडका: ‘कोण बघतंय?’ कुणी नाही. बघण्याचा प्रश्नच नाही. चार तास अंगावर जी गोष्ट असते ती टोचते, घसरते, सावरावी लागते की तिचा विसर पडतो, हे घालणाऱ्यालाच कळतं. ज्याला कपडा विसरता येतो तो नाचतो. ज्याला विसरता येत नाही तो खुर्चीत बसून फोन बघतो.

आणि एक गोष्ट कुणी आक्षेप म्हणून घेत नाही, पण मला सगळ्यात जास्त सलते. ब्रिटनमधल्या हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेच्या धोक्यात आलेल्या कारागिरींच्या यादीत हाताने किल्ट शिवणं आहे. टार्टनची नोंद करायला सरकारी रजिस्टर आहे, त्यासाठी २००८ मध्ये कायदा झाला. हॅरिस ट्वीड कशाला म्हणायचं याचा १९९३ चा कायदा आहे. किल्ट कशाला म्हणायचं याचा असा कायदा नाही. वेल्क्रो लावलेला पॉलिएस्टरचा तुकडाही किल्ट, आणि २७ निऱ्यांतला मिलिमीटर सांभाळलेलाही किल्ट. नाव एकच असलं की स्वस्त वस्तू महाग वस्तूला खाते, आणि तिच्याबरोबर ती शिवणाऱ्या हातांना. आपल्याकडे गल्लीतला टेलर आता फक्त पँट आखूड करण्यापुरता उरला, त्याची कारणं शोधायला स्कॉटलंडला यायची गरज नाही.

तर करायचं काय

टेप घ्या. कापडाची, शिंप्याकडे असते ती. सुताराची पत्र्याची नव्हे. मोजायला दुसरा माणूस हवा, हे पहिलं. स्वतःची लांबी स्वतः मोजायला खाली बघितलंत की पाठ वाकते आणि माप चुकतं. पँट काढा, निदान खिसे रिकामे करा.

कंबर: बेंबीच्या आसपास, बरगडी आणि हाडाच्या मध्ये. पोट आत ओढू नका. टेप अंगाला लागेल इतकीच आवळा. सीट: सगळ्यात रुंद जागेवर, टेप सगळीकडून जमिनीला समांतर, सैलसर. लांबी: त्याच कमरेच्या रेषेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, ताठ उभं राहून, समोर बघत. किल्ट कमरेच्या वर इंच-दोन इंच चढणारा आहे का हे शिवणाऱ्याला विचारा, तो चढ लांबीत धरला आहे की नाही याची खात्री करा. पोट मोठं असेल तर ते सांगा, लपवू नका. पोटावरून जाणारा पुढचा भाग वर उचलला जातो, आणि ते आधी माहीत असलं तर शिवणारा त्याची सोय करतो. प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा घ्या.

किल्ट हातात आला की आरशासमोर उभं राहा. बेल्ट न लावता तो कमरेवर टिकायला हवा. नव्या किल्टचं बकल मधल्या भोकात बसायला हवं, म्हणजे दोन्हीकडे थोडी जागा राहते. पुढची कड जमिनीला समांतर, टार्टनची मधली रेघ सरळ खाली. मागे कुणाला तरी बघायला सांगा: निऱ्या सरळ पडतात की फाकतात? मग दहा पावलं चाला, खुर्चीत बसा, उठा, एक गिरकी घ्या. गिरकीनंतर निऱ्या आपल्या आपण जागेवर आल्या नाहीत तर तो किल्ट दुकानदाराला परत द्या.

तो म्हणेल, ‘सर, तुमची बॉडी थोडी वेगळी आहे.’ त्याला विचारा, कुणापेक्षा?